भयविनोदपटातील सावत्र पालक

प्रश्न : ‘लिट्ल ईव्हिल’ हा २०१७ साली नेटफ्लिक्सवर आलेला अमेरिकी भयविनोदपट नुकताच पाहिला. पत्नीचा लहान मुलगा ल्यूकस हा सैतानाचा पुत्र असावा, असा संशय नवविवाहित गॅरीला येतो, ही त्याची कथा. दुसऱ्या विवाहामुळे मीही सावत्र पिता झालो असल्याने तो मला जवळचा वाटला. गॅरीच्या कार्यालयातील अल हे पात्र ब्रिजेट एव्हरेट या अभिनेत्रीने साकारले आहे आणि तेही स्वतःला सावत्र बापच म्हणवते. हे पात्र केवळ वैविध्याची हजेरी लावण्यासाठी घातले आहे, असे माझे मित्र म्हणतात. आपणांस काय वाटते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे मला मान्य नाही. एखादे पात्र निव्वळ हजेरीपुरते असले, की पटकथा त्याचे वेगळेपण सारखे समजावून सांगत बसते किंवा त्यावरच हशा पिकवते. लेखक-दिग्दर्शक इलाय क्रेग यांनी यांपैकी काहीच केलेले नाही. अलचा पेहराव पुरुषी आहे, घरी बायको आहे, आणि त्याबद्दल कोणीही खुलासा मागत नाही. गॅरीला भेटलेल्या सावत्र बापांच्या गटात डोनाल्ड फेझन हे कृष्णवर्णीय अभिनेतेही आहेत, आणि तेथे सगळ्यांचे गाऱ्हाणे एकच आहे : मूल आपले म्हणत नाही. हसू येते ते या समान हतबलतेचे, आणि म्हणूनच अल गॅरीला धीर देते तेव्हा तो अनुभवी पालकाचा सल्ला वाटतो.

प्रतिनिधित्वाचा विचार करताना सावत्र पालक हाही पडद्यावर फार क्वचित न्याय मिळालेला माणूस आहे, हे आपण विसरतो. आपल्या लोककथांतील सावत्र आई छळच करते. सावत्र बाप तर तेथे जवळजवळ नाहीच. या चित्रपटाने ज्याची नक्कल केली आहे त्या १९७६ सालच्या ‘द ओमेन’मध्ये दुसऱ्याच्या पोटचे मूल घरात येते, ते सैतानाचे निघते, आणि अखेरीस बाप त्याच्यावर सुरा उगारतो. गॅरीही त्याच वाटेने निघतो, परंतु मुलाला संपवण्याऐवजी त्याला वाचवण्याचा निर्णय घेतो. रक्ताचे नाते नसताना, आणि मूल खरोखरच भयंकर असण्याची शक्यता समोर असताना घेतलेला हा निर्णय मला चित्रपटातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आपणांस तो जवळचा वाटला, याचे कारणही बहुधा हेच असावे.

तथापि एक उणीव स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. अलच्या वाट्याला नायकाच्या मित्राचीच जागा आली आहे. त्या घरातील सावत्र मूल, त्याचा रुसवा, त्याची आई यांना कथेत फारसा वाव नाही. त्याहून खटकते ती ल्यूकसच्या आईची, समांथाची, रंगवणी. एका पंथाच्या कचाट्यातून सुटून मुलाला एकटीने वाढवणारी ही स्त्री कथेत बहुतेक वेळ ‘मुलाचे दोष न दिसणारी आई’ एवढीच उरते, आणि इव्हँजलीन लिली यांच्यासारख्या अभिनेत्रीलाही तीत जीव ओतायला जागा मिळत नाही. आपल्या मित्रांनी आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो येथे घ्यावा.