लिंकनच्या गालावरचा फुगवटा: टाकसाळीची चूक की गंज?

१९९६ च्या तुमच्या अमेरिकन सेंटवर (एक सेंटच्या नाण्यावर) लिंकनच्या चित्रात गालावर फुगवटा आलाय, ती टाकसाळीची चूक आहे का, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तो गंजच, टाकसाळीतली चूक नव्हे. १९८२ पासून हा सेंट आतून जस्ताचा असतो, वरून तांब्याचा नुसता पातळ मुलामा. त्याला कुठे बारीकशी चीर पडली की दमट हवा आत शिरते, जस्त फुगतं आणि मुलामा उचलला जातो. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या नाण्यालाही ते चुकत नाही.

दहापट भिंगाखाली फुगवट्याचं टोक बघा. तिथे फुटलेली कड, करडा-काळा डाग किंवा पांढरी भुकटी दिसली तर गंज. डायला, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या ठशाला, तडा गेल्याने आलेली रेघ मात्र भरीव असते, बाकीच्या नाण्याच्याच रंगाची, आणि दातकोरण्याने दाबली तरी दबत नाही. गुळगुळीत, न फुटलेले, दाबल्यावर बसणारे फोड असतील तर ते मुलाम्याखाली अडकलेल्या वायूचे. हा दोष टाकसाळीतलाच, पण इतका सर्रास आढळतो की संग्राहक त्याला सहसा जादा पैसे देत नाहीत.

अख्खा सेंटच करडा असेल तर एवढ्यावर निर्णय नको. मुलामा द्यायचाच राहिलेली नाणी खरोखर असतात, पण ॲसिडमध्ये बुडवून तशी बनवलेलीही फिरतात. ॲसिडमधल्या नाण्यांची अक्षरं झिजल्यासारखी बोथट दिसतात आणि सोनाराच्या काट्यावर वजन नेहमीच्या २.५ ग्रॅमपेक्षा बरंच कमी भरू शकतं.