सध्या काय वाचताय?

ताई, मी नाशिकला राहते, वय ४१. आमच्या सोसायटीतल्या बायकांचा वाचनकट्टा आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जमतो आणि प्रत्येकीनं सध्या काय वाचतेय ते सांगायचं असतं. पहिल्याच वेळी इतरांची नावं ऐकून मी घाबरले आणि एका गाजलेल्या जाडजूड कादंबरीचं नाव ठोकून दिलं. तीन महिने तेच सांगतेय. खरं तर रोज रात्री मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचते. बाबा गेल्यावर त्यांची पुस्तकांची ट्रंक माझ्याकडे आली. पानांच्या कडेला त्यांनी पेन्सिलीनं 'खुनी हाच' असं लिहिलंय, बहुतेक वेळा चुकीचं! आता कट्ट्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका, आमच्या बाई, म्हणाल्यात की पुढच्या वेळी त्या कादंबरीच्या शेवटावर आपण दोघी बोलू. कट्टा सोडून देऊ का? घराबाहेरची, फक्त माझी अशी ती एकच संध्याकाळ आहे.

कट्टा सोडायचा नाही, हे आधी सांगून टाकते. एकुलती एक संध्याकाळ अशी हातची घालवू नका.

तुमच्या पत्रात त्या गाजलेल्या कादंबरीबद्दल एक शब्द नाही, आणि बाबांच्या पेन्सिलीबद्दल लिहिताना मात्र तुमचा हात मोकळा सुटलाय. मला तर पत्र वाचून लगेच विचारावंसं वाटलं, बाबांचा अंदाज कधी बरोबर यायचा का? कोणत्या पानावर त्यांनी निकाल दिलेला असायचा? कट्ट्यावरही हेच होईल. एखादीनं नुसतं भारदस्त नाव घेतलं की बाकीच्या 'छान आहे हं' म्हणतात आणि पाळी पुढे जाते. कुठे अडलात, कुठे रात्रीचे दोन वाजले ते कळलं नाही, कुणाचा राग आला, हे सांगितलं की बोलणं सुरू होतं.

आणि अर्नाळकरांची लाज कसली? हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांसाठी घराघरांतून पुस्तकांची ओढाताण व्हायची. ज्यांना शाळेच्या पुस्तकापलीकडे काही वाचायची सवय नव्हती, अशा कितीतरी माणसांना ती गोडी या पातळ पुस्तकांनी लावली. पुढे जड पुस्तकं वाचणाऱ्या अनेकांची सुरुवात इथेच झाली आहे. तुमच्या बाईंच्या वयाकडे पाहता त्यांनीही ती वाचली असतील, असं मला फार वाटतं.

राहिला तो खोटेपणाचा प्रश्न. तो तीन महिन्यांचा आहे, त्यामुळे सगळ्यांसमोर कबुलीजबाब द्यायची गरज नाही. पण बाईंना शनिवारच्या आधी गाठा. त्या तुमच्यासाठी तयारी करून येणार आहेत, त्यांचा तो वेळ फुकट जाऊ देऊ नये. एवढंच म्हणा, "बाई, ती कादंबरी मी वाचलेली नाही. सगळ्यांसमोर सांगायला संकोच वाटला. तुम्हाला ती इतकी का आवडते, ते सांगाल का?" आयुष्यभर शिकवलेल्या बाईला यापेक्षा आनंदाचा प्रश्न कोणता असणार! थोड्या दुखावल्या, तर दुखावू द्या, तेवढं सोसायला हवं. घाईघाईनं कथानक कुणाकडून तरी ऐकून वेळ मारून नेण्याचा विचार मनात आला असेल, तर तो मात्र काढून टाका. तसं केलंत तर पुढचा प्रत्येक शनिवार परीक्षेचा होईल.

ती कादंबरी वाचायची की नाही, ते नंतर बघा. वाचावीशी वाटलीच तर विकत घेऊ नका, गावात १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथून आणा. पन्नास पानांत मन लागलं नाही तर परत करा आणि कट्ट्यावर तसंच सांगा. अर्धवट सोडलेलं पुस्तकही 'सध्या काय वाचताय'चं खरं उत्तर असतं.

या शनिवारी ट्रंकेतलं एक पुस्तक पिशवीत टाका. बाबांची खूण असलेलं पान काढून ते बायकांच्या हातात द्या आणि त्यांना विचारा, खुनी कोण असेल?