वाचकांचे प्रश्न : चार रेघांचे गायनपत्र

प्रश्न : माझ्या मामांनी जुन्या बाजारातून आणलेले कातड्याचे एक भले मोठे पान आमच्याकडे आहे. त्यावर चार तांबड्या रेघा, त्यांवर काळे चौकोन, खाली लॅटिन शब्द आणि कडेला सोनेरी-निळे मोठे अक्षर आहे. हे मध्ययुगीन असेल का? रेघा चारच का? लॅमिनेट करून घ्यावे का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : लॅमिनेट मुळीच करू नये. अशी पाने ज्यावर लिहीत ते वेलम म्हणजे वासराचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस खरवडून, चौकटीवर ताणून वाळवलेले असते. ते कमावलेले नसल्याने हवेतला दमटपणा लगेच शोषते आणि पुण्याच्या पावसाळ्यात फुगून वाकडे होते. मग वरचे रंग आणि सोन्याचा वर्ख सुटू लागतो. पान काचेला न टेकवता, बाहेरच्या ओलसर भिंतीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावे.

पान मोठे असण्याचे कारण असे, की मठात किंवा चर्चमध्ये उंच घोडीवर एकच ग्रंथ उघडून ठेवत आणि सारा गायकवृंद त्याच्याभोवती उभा राहून त्यातूनच गात असे. रेघांवर स्वर मांडण्याची पद्धत अकराव्या शतकात इटलीतील अरेझोच्या ग्विदो या साधूने पक्की केली. या भजनांचा आवाका सहसा सप्तकाच्या फार पुढे जात नसल्याने चार रेघा पुरत, आणि गरज पडली तर आरंभीची स्वरखूण (कोणत्या रेघेवर कोणता स्वर हे सांगणारे चिन्ह) वरच्या किंवा खालच्या रेघेवर सरकवत. ही खूण स्वरांची उंची ठरवून देत नाही, केवळ परस्परांतील अंतर दाखवते. आपला गवई सोयीच्या पट्टीत षड्ज लावतो तसेच ते गायकही करत.

काळाविषयी मात्र जपून बोलावे लागेल, कारण स्पेनमध्ये अशीच कातडी गायनपत्रे सोळाव्या-सतराव्या शतकात आणि त्यानंतरही लिहिली जात होती, आणि बाजारात येणारी बरीच सुटी पाने त्यांतलीच असतात. प्रथम भिंगातून पाहावे : बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील आहे. कातड्याच्या केसांकडील बाजूवर मात्र बहुधा सूक्ष्म छिद्रे दिसतात. पान खरे ठरले तरी चित्र खरे असेलच असे नाही. ‘स्पॅनिश फोर्जर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अज्ञात चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या गायनग्रंथांच्या अस्सल पानांवरच नवी ‘मध्ययुगीन’ चित्रे रंगवून विकली. म्हणून सोनेरी अक्षराच्या कडेला खरवडलेल्या रेघांच्या किंवा शब्दांच्या खुणा दिसतात का, हे तिरप्या उजेडात पाहावे आणि पानाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आम्हाला पाठवावीत.