कोल्हापुरात राहून संशोधन लेख मोफत आणि कायदेशीरपणे कसे मिळवायचे?

आधी लेखाचा डीओआय क्रमांक, म्हणजे लेखाची कायमची डिजिटल ओळख, शोधा; तो ‘१०.’ ने सुरू होतो. त्यावरून लेखाचं पान उघडा. ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ हे लेखांच्या कायदेशीर मोफत प्रती शोधणारं एक्स्टेंशन जोडा. मोफत प्रत असेल तर लेखाच्या पानावर उजवीकडे हिरवं कुलूप दिसतं, त्यावर क्लिक केलं की लेख उघडतो. पण ही बऱ्याचदा लेखकाची स्वीकृत प्रत असते, म्हणजे नियतकालिकानं स्वीकारलेली पण छपाईसाठी मांडणी न झालेली. तिचे पानक्रमांक छापील अंकाशी जुळत नाहीत, म्हणून संदर्भ देताना तपासून घ्या. जीवशास्त्रासाठी पबमेड सेंट्रल हा मोफत लेखांचा ऑनलाइन संग्रह हुकमी. संस्कृती अभ्यासातलं बरंच काम पुस्तकांत असतं, ते ओएपेन या मोफत पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहात बघा. मराठी प्रबंध ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात. शिवाजी विद्यापीठात असाल तर ग्रंथालयात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची चौकशी जरूर करा, सरकारी संस्थांना संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. तरीही लेख मिळाला नाही, तर लेखकालाच ईमेल करा, बरेच जण आनंदानं पाठवतात.