दगडू पणजोबांचं नाव

प्रिय चिऊ,

आजोबांच्या अस्थी घेऊन आपण नाशिकला रामकुंडावर गेलो होतो, तेव्हा गुरुजींनी लाल फडक्यातली जुनी वही सोडली आणि आपल्या घराण्यातली नावं वाचली. कोंडाजी, भिकाजी, दगडू, निवृत्ती. तू माझी बाही ओढून हळूच विचारलंस, "बाबा, दगडू म्हणजे दगडच ना? त्यांच्या आईला ते आवडत नव्हते का?" तिथे गर्दी होती आणि माझं मनही ठिकाणावर नव्हतं. "घरी सांगतो" म्हणालो, आणि टोरांटोला परतल्यावर ते राहूनच गेलं. म्हणून आता लिहून देतोय. एखादा शब्द अडला तर आजीला फोन कर.

आवडत नव्हते? अगं, आपल्या घरात त्यांच्याइतकं जिवापाड जपलेलं दुसरं मूल नसेल.

१९१८ साली मानमोडीची साथ आली होती. म्हणजे फ्लूच, पण फार भयंकर. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं त्यात गेली. निफाडकडच्या आपल्या गावात पणजोबांच्या आईची दोन मुलं आधीच गेली होती, तिसरं त्या साथीत गेलं. तिघांनाही देवांची, हौसेनं ठेवलेली नावं होती. त्यानंतर पणजोबा जन्मले. पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, असं तेव्हा घरोघर मानत. पाटा-वरवंटा पुजून ती बाई रात्रभर दिव्यापाशी जागी बसली होती, असं आजोबा सांगायचे. गोंडस मुलाला, गोड नावाला नजर लागते; तेव्हा याचं नाव असं ठेवायचं की यमानंही वळून बघू नये. दगड कोण उचलून नेणार? म्हणून दगडू.

वहीतली बाकीची नावंही अशाच भीतीतून आलेली आहेत. कोंडाजी म्हणजे पसाभर कोंडा देऊन घेतलेला. मूल आधी शेजारणीच्या ओटीत घालायचं आणि मग कोंडा मोजून तिच्याकडून परत विकत आणायचं, म्हणजे ते आपलं नाहीच असं दैवाला वाटावं. भिकाजी म्हणजे भीक मागून मिळालेला. केरू हा केरात ठेवून उचललेला. नथू तर मुलगाच, पण नाकात नथ घालून मुलगी भासवलेला. औषध नव्हतं, लस नव्हती, दवाखाना कोसभर दूर. आईच्या हातात होतं ते एवढंच, एक वेडंवाकडं नाव. मला ही नावं ऐकून कधी हसू आलं नाही, आणि तुलाही आलं नाही याचं मला फार बरं वाटलं.

निवृत्तीचं मात्र वेगळं आहे. नोकरीतून निवृत्त होणं, असं तुला वाटलं. पण ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाचं, त्यांच्या गुरूचं नाव निवृत्तिनाथ. त्यांची समाधी त्र्यंबकेश्वरला आहे, पौष महिन्यात तिथे मोठी यात्रा भरते. म्हणून आपल्याकडे निवृत्ती आणि त्र्यंबक पुष्कळ सापडतात. पांडवलेण्यांच्या पायथ्याला तू ज्यांचं स्मारक पाहिलंस ते दादासाहेब फाळकेही १८७० साली त्र्यंबकलाच जन्मले. त्यांचं पाळण्यातलं नाव धुंडिराज, हे गणपतीचं नाव आहे.

आणि धोंडू. ते पुष्कळदा दगडूसारखंच असतं, पण कधीकधी ते फक्त महिन्याचं नाव असतं. साधारण दर तिसऱ्या वर्षी पंचांगात अधिक महिना येतो, त्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. त्या महिन्यात झालेला तो धोंडू. तू २०१५च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात जन्मलीस, तेव्हा अधिक आषाढ चालू होता. शंभर वर्षांपूर्वी झाली असतीस तर धोंडाबाई म्हणून हाक आली असती.

आता एक गोष्ट, जी तू विचारली नाहीस. पणजोबा जगले, चांगले म्हातारे झाले. त्यांच्या पाठीवर चार मुली झाल्या. चौथीचं नाव नकुशी. नको असलेली. वरवर पाहिलं तर हे नावही दगडूच्याच जातीचं वाटेल, कानाला तितकंच कठोर. पण दगडू हे नाव मूल राहावं म्हणून होतं. नकुशी हे पुढे मुलगी होऊ नये म्हणून. एका आईनं, एकाच घरात, ही दोन्ही नावं ठेवली. याची सांगड मला आजवर घालता आलेली नाही, आणि तुझ्यासमोर मी ती ओढूनताणून घालणार नाही. ही फार जुनी गोष्ट आहे असंही समजू नकोस. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींनी एका समारंभात स्वतःला नवी नावं घेतली.

लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत मला मुळीच पटत नाही. आईचं नाव मी बदललं नाही. पण आजी सांगते, नकुशीआत्याच्या ताटात 'लक्ष्मी' लिहिलं गेलं, तेव्हा ती मांडवात सगळ्यांसमोर रडली, आणि पुढे माहेरी कुणी जुन्या नावानं हाक मारली की ओ देत नसे.

गुरुजींच्या वहीत आपल्या पानावर तिचं नाव नव्हतं, जुनं नाही आणि नवंही नाही. तू आईबरोबर घाटावर भेळ खायला गेलीस तेव्हा मी गुरुजींना ते लिहायला सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि दगडूच्या शेजारी जागा करून 'भगिनी लक्ष्मी' असं लिहिलं. खाली आजोबा, त्यांच्याखाली मी, आणि माझ्याखाली तू आहेस, निळ्या शाईत. पुढच्या वेळी जाऊ तेव्हा तूच वाचून दाखव.

तुझा,
बाबा