आईला २५ लाखांच्या लॉटरीचा फोन आलाय, ‘आधी टॅक्सचे १२ हजार भरा’ म्हणतात. खरं असेल का?

नाही, एक रुपयाही पाठवू नका. गोव्यात कागदी लॉटरी उघडपणे विकली जाते, म्हणून म्हापसा-फोंड्यातल्या माणसाला असा फोन खरा वाटू शकतो. पण तिकीटच काढलं नसेल तर बक्षीस लागणार कसं? लॉटरीच्या मोठ्या बक्षिसावरचा ३० टक्के कर बक्षीस देणाराच आधी कापून घेतो, तो विजेत्याने आगाऊ कुणाच्या खात्यात भरायचा नसतो. १२ हजार दिले की पुढे ‘जीएसटी’, मग ‘फाइल चार्ज’ निघतो. जितके भराल तितकं मागे फिरणं अवघड जातं, आणि फसवणारे नेमके त्यावरच टपलेले असतात.

नंबर +९२ ने सुरू होत असेल तर तो पाकिस्तानचा. पण +९१ दिसला म्हणूनही निर्धास्त राहू नका.

‘पैसे जमा करतो, पिन टाका’ म्हणाले तर फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. *४०१* लावून पुढे एखादा नंबर डायल करायला सांगितला तर त्याने तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात, फोनवरून येणारे ओटीपीसुद्धा. चुकून केलंच असेल तर ##००२# डायल करून ते बंद करा.

पैसे गेले असतील तर आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, व्यवहाराचा यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) हाताशी ठेवून. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. लगेच बँकेलाही कळवा. चॅट डिलीट करू नका, आणि आईला रागावू नका, नाहीतर पुढचा फोन ती तुम्हाला सांगणारच नाही.