ड्रॉ-आउट ब्रेकर पॅनलमध्ये जोडला कसा जातो आणि आत घालताना शेवटी हँडल जड का लागते?

तुमच्या प्रश्नातील हँडलचा भाग मला बारा वर्षांपासून सलतो आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. ड्रॉ-आउट ब्रेकर म्हणजे हँडल फिरवून पॅनलच्या आत-बाहेर सरकवता येणारा ब्रेकर. तो आणि बसबार (पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या मुख्य पट्ट्या) यांच्या जोडावर जॉ कॉन्टॅक्ट असतात, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या, स्प्रिंगने आवळलेल्या तांब्याच्या बोटांच्या जोड्या. समोरची पट्टी त्या बोटांमध्ये शिरू लागली की स्प्रिंगा फाकाव्या लागतात आणि तेच हाताला जड लागते. तो जडपणा यायलाच हवा. तो आला म्हणून तिथेच थांबणे चूक आहे, आणि वेळेआधीच आला तर जोर लावणे त्याहून मोठी चूक आहे.

जळगाव परिसरातील एका दाळ मिलमध्ये मी देखभालीचे काम पाहत होतो. ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आणि एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, बाजूला १००० अँपिअरचा एसीबी (एअर सर्किट ब्रेकर) इनकमर, म्हणजे पुरवठा पॅनलमध्ये घेणारा मुख्य ब्रेकर होता. एप्रिल संपत आला होता, तुरीचे काम जोरात होते, आणि पॅनलच्या खोलीत दुपारी ४४ अंश असायचे. एसीबीचा करंट सहसा ४० अंशांपर्यंतचे तापमान धरून ठरवलेला असतो, हे खान्देशात कोणी लक्षात घेत नाही. शटडाऊन घेऊन आम्ही ब्रेकर साफ केला. परत आत घालताना हँडल फिरवणारा पोरगा म्हणाला, "भाऊ, आते फिरत नही." इंडिकेटर 'सर्व्हिस'च्या, म्हणजे ब्रेकर पूर्ण जोडल्याच्या, खुणेपर्यंत आलेला दिसत होता, ब्रेकर ऑनही झाला, आणि मी सही केली.

तीन आठवड्यांनी खोलीत जळकट वास येऊ लागला. ब्रेकर बाहेर काढला तेव्हा बी फेजच्या (तीन फेजपैकी एक) दोन बोटांवरची चांदी उडालेली होती, तांबे निळसर पडले होते आणि स्प्रिंग बोटाने दाबली तरी परत येत नव्हती. पट्टीवर घासल्याची खूण जेमतेम नखाएवढी होती. म्हणजे कॉन्टॅक्ट पूर्ण आत गेलाच नव्हता. ८०० अँपिअर वाहत असताना जोडाचा रोध ५० मायक्रोओहम असेल तर तिथे ३२ वॅट उष्णता होते. तोच रोध ५०० झाला की ३२० वॅट, आणि तीही बंद खोबणीत.

व्यवस्थापकांनी अहवालात 'ग्रीस न लावल्यामुळे' असे लिहिले. ग्रीस मी स्वतः लावले होते. खरे कारण क्रेडलच्या, म्हणजे ब्रेकर ज्यात सरकतो त्या पॅनलमधल्या चौकटीच्या, बाजूला होते: इंटरलॉकचा, म्हणजे चुकीची हालचाल अडवणाऱ्या यंत्रणेचा, दांडा कोणीतरी बाइंडिंग वायरने बांधून ठेवला होता. तो मोकळा असता तर अर्धवट पोझिशनमध्ये ब्रेकर ऑन झालाच नसता. मी ती तार त्यांना दाखवली, तेव्हा 'सीझनमध्ये मिल थांबवता येत नाही' एवढेच उत्तर मिळाले. नंतर मिल दोन दिवस बंद राहिली.

बाकीचे थोडक्यात सांगतो. ब्रेकरच्या तीन पोझिशन असतात. सर्व्हिसमध्ये मुख्य कॉन्टॅक्ट आणि कंट्रोलची जोडणी दोन्ही लागलेली असतात; टेस्टमध्ये मुख्य कॉन्टॅक्ट सुटतात पण कंट्रोल राहते, म्हणून ब्रेकर ऑन-ऑफ करून तपासता येतो; आयसोलेटेडमध्ये दोन्ही सुटतात. करंट तोडण्याचे काम ब्रेकरच्या आतल्या कॉन्टॅक्टचे आहे, जॉचे नव्हे. म्हणून ब्रेकर ऑफ असल्याशिवाय त्याला जागेवरून हलवायचे नाही, आणि इंटरलॉक त्याचसाठी असतो. ब्रेकर बाहेर काढला तरी क्रेडलमधली इनकमिंगची टोके जिवंतच असतात. शटर (टोके झाकणारा पडदा) खाली पडलेले दिसले म्हणून आत हात घालू नका.

प्रत्येक मेकची रचना वेगळी असते. बोटे कुठे ब्रेकरवर असतात, कुठे क्रेडलमध्ये, आणि ११ केव्हीच्या व्हीसीबीत (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरमध्ये) बहुधा गोल ट्युलिप कॉन्टॅक्ट असतात. त्यामुळे हँडलच्या फेऱ्यांची संख्या मॅन्युअलमधूनच घ्या आणि परमिटशिवाय हात लावू नका. मात्र फेऱ्या मोजाच. केवळ इंडिकेटरवर विसंबण्याची चूक माझी होती आणि ती मी तेव्हाही मान्य केली होती. तार बांधण्याची चूक माझी नव्हती. तुमच्या पॅनलमध्ये अशी तार दिसली तर ब्रेकर आत घालण्याआधी ती काढा, आणि वरिष्ठ नको म्हणाले तर तो नकार त्यांच्याकडून लेखी घ्या.